बारीक धार

फुकेने, ८ फेब्रुवारी २००४

लाडक्या युरानीस,

आशीर्वाद नंतर, आधी राग. पोटात राग ठेवून दिलेला आशीर्वाद नासतो, असं माझी आई म्हणायची.

परवा तुझ्याशी बोलायला टेलिफोनच्या दुकानात गेले होते. तू बोलत होतीस आणि तो दुकानदार काउंटरवर कोपर टेकून खुशाल ऐकत होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावात झालं की अनातिल्देची नात मेदेयीनला जाऊन एवढं शिकली आणि शेवटी बाटल्याच धुते. मी परत गेले आणि सुनावलं त्याला. म्हटलं, बाटल्या तूही धुतोस, तुझ्या धुतल्यावरही वास मारतात. आता त्या टेलिफोनला मी हात लावणार नाही. माझ्या चीजची पेटी उबातेच्या गाडीने मेदेयीनला जातेच, त्यातच पत्र ठेवीन. कागदाला वास आला तर नाक मुरडू नकोस, त्याच वासात तू वाढलीस.

आता आनंद. ते छापील पान पोचलं गं. तीन नावं आहेत आणि तुझं पहिलं. मी बोट ठेवून तीनदा बघितलं. तुझ्या त्या मोठ्या डॉक्टर सालदार्रियागाचं सगळ्यात शेवटी, म्हणजे तो शेपटाला आणि तू शिंगांशी, बरोबर ना? पान काचेत बसवून भिंतीला लावलंय. पाद्रीबाबा आले होते, त्यांनी दोन ओळी वाचल्या, मान डोलावली आणि मग गाईंची चौकशी केली, म्हणजे त्यांनाही कळलं नाही.

मलाही कळलेलं नाही. फोनवर एवढंच ऐकू आलं की आंबट पाण्यात काहीतरी आपोआप जमतं. कोण जमतं? कशासाठी? नीट लिही. मी दुसरीपर्यंत शिकले आणि दुसरीत अर्धं वर्ष बाई आजारी होत्या, हे ध्यानात ठेवून लिही.

तुझी आजी,
अनातिल्दे


मेदेयीन, १९ फेब्रुवारी २००४

आजी, आशीर्वाद दे, रागासकट चालेल.

चीज पोचलं. खोलीतल्या मुलींनी पेरूच्या वडीबरोबर एका दिवसात संपवलं.

शेपूट आणि शिंगांचं तुझं गणित उलटं आहे. आमच्यात शेवटचं नाव मालकाचं. पण पहिलं माझं आहे हे खरं, कारण हाताने सगळं मी केलंय.

तर ऐक. मी ज्यावर काम करते ते पॉलिमर म्हणजे माळ. एकाला एक मणी जोडत गेलेली, पण इतकी बारीक की कुठल्याच चष्म्यातून दिसायची नाही. माझ्या माळेचे दोन भाग आहेत. एका भागाला पाणी कायम आवडतं. दुसरा भाग लहरी. पाणी आंबट असलं की तो पाण्यात सुखाने मोकळा पोहतो, आणि आंबटपणा उतरला की त्याला पाणी सोसत नाही. मग त्या माळा काय करतात, तर सगळ्या लहरी शेपट्या आत लपवतात आणि पाणी आवडणारी तोंडं बाहेर ठेवतात, आणि अशा शेकडो मिळून एक गोळी होते. त्यांना कोणी जमवत नाही, त्या आपणच जमतात. मी फक्त आंबट पाण्यात क्षाराचं पाणी घालून आंबटपणा उतरवते. गोळ्या झाल्या तरी पाणी गढूळ होत नाही. उजेडासमोर बाटली धरली तर किंचित निळसर दिसतं, इतकंच. ते निळं पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी जेवायचं विसरले होते.

कशासाठी? शरीरातली वाईट गाठ आजूबाजूच्या मांसापेक्षा जराशी आंबट असते. गोळीच्या पोटात औषध ठेवायचं. रक्तात ती बंद राहील, गाठीपाशी आंबट लागलं की माळा सुटतील आणि औषध नेमकं तिथे सांडेल. हे अजून स्वप्न आहे. सध्या सगळं बाटलीत.

आता पास्तोच्या विद्यापीठातल्या लोसादाबाई आमचं छापलेलं वाचून तेच करून बघणार आहेत. दुसऱ्याच्या हातून झालं की मगच ते खरं, अशी आमच्यात रीत आहे.

युरानी


फुकेने, २ मार्च २००४

लाडक्या युरानीस,

दोनदा वाचलं आणि हसले, कारण तुझं सगळंच उलटं. आमचं दूध आंबट झालं की जमतं आणि तुझ्या माळा आंबटपणा गेला की जमतात. चार पिढ्या आम्ही आंबवून पोट भरलं आणि तू निघालीस आंबटपणा उतरवायला. तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, पोरगी शहरात जाऊन उलट्या पायाची झाली.

पण ते ‘आपोआप’ मला पटलं नाही, ते राहू देत. दूध आपोआप जमतं असं म्हणणारा माणूस कधी पहाटे चारला चुलीपाशी उभा राहिलेला नसतो. आमच्या इथे डेअरीचा एक साहेब आला होता, इस्त्रीची पँट, मला विचारतो, बाई, तुम्ही यात नेमकं काय करता? दूध तर स्वतःच घट्ट होतं. मी त्याच्या हातात ढवळायचं लाकडी वल्हं दिलं आणि म्हटलं, मग तुम्ही नुसते बघत उभे राहा. त्याच्या पँटचं काय झालं ते विचारू नकोस.

आपली पेरेसा गाय व्यायली. ईस्टरच्या पवित्र आठवड्यात सुट्टीला येशील तेव्हा वासरू बघशील. तुझ्यासाठी चीक राखला असता, पण तो काही राहायचा नाही.

आजी


मेदेयीन, २८ एप्रिल २००४

आजी,

सुट्टीत येता आलं नाही, क्षमा कर. काम फार आहे. मी बरी आहे. सगळं ठीक चाललंय. वासराला कुरवाळ.

युरानी


फुकेने, ५ मे २००४

युरानी,

हे काय पत्र आहे? याला पत्र म्हणतात? दुकानदार उधारीची आठवण करून देतो त्यात याहून जास्त जीव असतो. चार ओळी, आणि त्यात खाण्याचं एक अक्षर नाही. तू लहानपणापासून काही लपवायचं असलं की जेवणाबद्दल बोलायचं बंद करतेस. दुधाची कासंडी फोडलीस तेव्हा दोन दिवस मक्याच्या भाकरीचं नावसुद्धा काढलं नव्हतंस.

मला राग आलाय. तू आली नाहीस याचा नाही, ‘सगळं ठीक’ म्हणालीस याचा. काय झालं ते लिही. पोटुशी असशील तर लिही, त्याला घाबरणारी मी नाही. आजारी असशील तर लिही. कोणी काही म्हणालं असेल तर त्याचं नाव लिही.

आजी


मेदेयीन, १४ मे २००४

आजी,

पोटुशी नाही, आजारी नाही. नाव सालदार्रियागा.

पास्तोच्या लोसादाबाईंना जमलं नाही. त्यांनी तीनदा केलं. तिन्ही वेळा बाटलीच्या तळाशी पांढऱ्या गुठळ्या, निळं काही नाही. त्यांनी डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांनी आमच्याच प्रयोगशाळेतल्या दोघांना करायला लावलं. त्यांच्याही गुठळ्याच. मग मला करायला लावलं, आणि माझं जमलं. मला वाटलं, सुटले. तर उलटंच झालं. डॉक्टरांनी येऊन बघितलंसुद्धा नाही, नुसते आकडे मागवले. शुक्रवारी आमची सगळ्यांची बैठक असते, चाळीसएक माणसं. तिथे माईक हातात घेऊन ते म्हणाले, “हे रेणू स्वतःहून जमतात. त्यात हाताला जागा नाही. जे फक्त या बाईंच्याच हातून होतं, ते मुळात होतच नाही. ही मुलगी खोटारडी आहे.”

मी उभी राहिले आणि मला बोलता आलं नाही, आजी. तोंड कोरडं पडलं.

आता प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतलीय. समिती बसली आहे. एक कागद दिलाय. त्यावर मी आकडे मनाने रचले अशी कबुली आहे. ३० जूनच्या आत सही केली तर डॉक्टरेट मिळणार नाही, पण खालची पदवी देऊन गुपचूप जाऊ देतील. नाही केली तर काढून टाकतील आणि पुढे कुठलंच विद्यापीठ दारात उभं करणार नाही. मी काही रचलेलं नाही. पण मला ते सिद्ध करता येत नाही. माझं का जमतं ते मलाच माहीत नाही.

सही करावी असं वाटतं.

युरानी


फुकेने, २० मे २००४

युरानी,

सही करशील तर हात तोडीन. आशीर्वाद नंतर बघू.

तुझं पत्र वाचून मी बाहेर गेले आणि सरपणाची अख्खी मोळी फोडली, लागत नव्हती तरी. चाळीस माणसांत खोटारडी म्हणतो. आणि येऊन बघत नाही. अगं, गाय विकत घेणारा माणूससुद्धा तिचे दात बघतो. हा चार वर्षं तुझं काम स्वतःच्या नावाने मिरवतो आणि तुझ्या बाजूला एक तास उभा राहत नाही. त्याला म्हणावं, इथे ये, तुला पेरेसाच्या मागे उभा करते.

आणि तू. तोंड कोरडं पडलं म्हणे. तुझ्या आईला गावजत्रेत एकाने चिमटा काढला होता तर तिने त्याच्या डोक्यात ढोल घातला होता. तू कोणावर गेलीस?

आता नीट ऐक, कारण हे मी तुला कधी सांगितलेलं नाही. तुझ्या आजोबांची एक धाकटी बहीण आहे, बेत्साबे. तुला ती आठवणार नाही, कारण अठरा वर्षांत ती या घराची पायरी चढलेली नाही. ती लग्न होऊन सिमिहाकाला गेली आणि तिने माझ्याकडून आपलं ताणाचं चीज मागून घेतलं. मी सगळं सांगितलं. आदल्या दिवशीचं आंबलेलं दूध किती, ताजं किती, विरजण किती, कोमट किती करायचं, मग गोळा गरम पाण्यात घालून ताणायचा. काही म्हणजे काही लपवलं नाही, देवाशपथ. तिचं कधीच जमलं नाही. गोळा ताणायला घेतला की भुगा. ती रविवारी चर्चच्या दारात आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, वहिनी, तू मत्सराने काहीतरी लपवलंस. मला असा संताप आला. मी म्हटलं, माझी कृती बरोबर आहे, तुझे हात आळशी आहेत. लोक हसले. माझं चीज सगळ्यांनी खाल्लेलं, तिचं कोणी नाही, मग विश्वास कोणावर बसणार? तेव्हापासून ती ‘आळशी हाताची बेत्साबे’ झाली. झालीच ती, मी काय करू.

हे का सांगते? कारण मलाही एकदा खोटारडी म्हटलं गेलंय आणि मी सही बिही काही केली नाही.

तू त्या पास्तोवालीला जो कागद दिलास तो मला लिहून पाठव. सोप्या भाषेत.

आजी


मेदेयीन, २८ मे २००४

आजी,

म्हणजे तुलाही वाटतं माझंच काही चुकलं. ठीक आहे. सगळ्यांनाच वाटतं, तर तू तरी का मागे राहावंस.

हा घे कागद. माळांची पूड इतकी इतकी मोजून घ्या. आंबट पाण्यात विरघळवा, पाणी स्वच्छ होईपर्यंत. त्यात इतकं क्षाराचं पाणी घाला. ढवळत राहा. तासभर थांबा. मोजा. एवढंच आहे. मापं चारदा तपासलीत. पाणी तेच, काच तीच, पूड तर लोसादाबाईंना मीच डबीत भरून पाठवली. यात कुठे खोटं आहे ते दाखव.

आणि आईवर गेले नाही याचं मलाही वाईट वाटतं. रोज वाटतं. पुन्हा लिहू नकोस.

युरानी


फुकेने, ९ जून २००४

युरानी,

पुन्हा लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. तुझा राग बघून बरं वाटलं, जिवंत आहेस.

तुझा कागद मी दहा वेळा वाचला. त्यात मला काही चूक दिसेना, आणि तेच मला खायला लागलं. कारण बेत्साबेला मी दिलं होतं तेही असंच होतं. सगळी मापं बरोबर. मी रात्रभर कूस बदलली आणि पहाटे दूध शेजारणीच्या स्वाधीन करून सिमिहाकाची गाडी धरली. वाटेत माझ्या मांडीवर एका बाईची कोंबडी. त्या कोंबडीशी मी मनातल्या मनात भांडत गेले.

बेत्साबेने दार उघडलं. केस पांढरे झालेत गं तिचे, माझ्याहून जास्त. मी म्हटलं, आत येऊ दे किंवा नको येऊ देऊ, पण माझ्यासमोर एकदा ते चीज कर. ती म्हणाली, अठरा वर्षांनी टिंगल करायला आलीस का. मी म्हटलं, टिंगल करायला एवढ्या लांब येत नाही, ती मी गावात बसूनही करते. ती हसली नाही. पण चूल पेटवली, मला दाखवायलाच.

ताजं दूध कोमट केलं, बरोबर. विरजण काढून ठेवलं, बरोबर. मग तिने आंबलेल्या दुधाची बादली उचलली आणि एका दमात सगळी पातेल्यात उपडी केली. भसकन. मी ओरडलेच, अगं असं काय ओततेस.

“मग कसं ओततात?”

“असं,” म्हणून मी बादली घेतली. काय सांगू युरानी, माझा हात बोलला, तोंडाला शब्द सापडेना. बादली तिरकी, वल्ह्याच्या दांड्यावरून बारीक धार, सुतासारखी, आणि दुसरा हात सतत गोल. आई करायची तसं. मी कधी बघितलंच नव्हतं की मी असं करते.

बेत्साबे माझ्या हाताकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे तू मला कधी सांगितलंस, वहिनी?”

नव्हतं सांगितलं. लपवलं नव्हतं गं, मला माहीतच नव्हतं की ते सांगायचं असतं. मी तिला म्हटलं होतं आंबलेलं दूध घाल, आणि तिने घातलं. भसकन पडलं की त्या जागेचं दूध एकदम फाटतं, बाकीचं कोरं राहतं, मग ताण कुठून येणार? तिने अठरा वर्षं माझी कृती पाळली. चुकली ती नाही.

तिने मला जेवायला बस म्हटलं नाही. दार मात्र जोरात लावलं.

आता तू सांग. तुझा कागद म्हणतो ‘क्षाराचं पाणी घाला’. तू कसं घालतेस? बारा वर्षांची होईपर्यंत तू माझ्या पातेल्याशेजारी पाटावर उभी असायचीस आणि ती बादली तुझ्याच हातात असायची. तू भसकन घालूच शकत नाहीस, तुझ्या हाताला ते येतच नाही. तुझे ते डॉक्टर आले असते आणि बाजूला उभे राहिले असते तर एका तासात कळलं असतं.

पास्तोवालीला कळव. आत्ता.

आजी


मेदेयीन, २२ जून २००४

आजी, आशीर्वाद दे.

मागच्या पत्राबद्दल नंतर बोलू.

तुझं वाचून मी उभ्याउभ्याच उजव्या हाताकडे बघत राहिले. काचेची नळी भांड्याच्या कडेला टेकवून, थेंबामागे थेंब, दुसऱ्या हाताने भांडं फिरवत. चाळीस मिनिटं लागतात मला. वहीत मी लिहिलंय ‘घातलं’. चार वर्षं फक्त ‘घातलं’.

लोसादाबाईंना फोन केला. त्या आधी चिडल्या, म्हणाल्या, हे आत्ता सांगता? मी म्हटलं, मला आत्ताच कळलं, आणि मला नाही, माझ्या आजीला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी थेंबाथेंबाने केलं. निळं आलं, आजी. मग त्यांनी मुद्दाम एकदम ओतून केलं. गुठळ्या. का ते आता कळतं. एकदम ओतलं की जिथे पडलं तिथला आंबटपणा क्षणात संपतो आणि तिथल्या माळा घाबरून दिसेल त्याला चिकटतात. हळू घातलं तर प्रत्येकीला आपली जागा शोधायला वेळ मिळतो. जमतात आपोआपच, पण घाई केली तर नाही.

बाईंनी समितीला लांबलचक पत्र लिहिलं. काल मला बोलावलं. बंद खोली, तीन माणसं आणि डॉक्टर. डॉक्टरांनी एका ओळीचं लिहून दिलं की आरोप मागे घेतो. मग मला म्हणाले, वहीतल्या निष्काळजीपणाची जबाबदारी तुझी, त्यावर सही कर. मी केली, कारण ते खरं आहे. माझी चूक होतीच. मग ते हसून म्हणाले, आता यावर एक नवीन लेख होईल, शेवटचं नाव अर्थात माझं.

मी नाही म्हटलं. लोसादाबाई मला पास्तोला बोलावताहेत, पदवी त्यांच्याकडे पुरी होईल. सामान बांधतेय. इथल्या लोकांना अजून काहीच माहीत नाही, जिन्यात भेटले की नजर चुकवतात. असू देत. मी दमलेय. रागालाही ताकद लागते.

युरानी


फुकेने, २८ जून २००४

युरानी,

तुझी पदवी बचावली, निळं आलं, हे वाचून मी पेरेसाला दोन मुठी मीठ जास्त दिलं. आनंद झाला तो तिच्या वाट्याला. आता तुझ्या वाट्याचा राग घे.

चूक तुझी होती ती तू सही करून कबूल केलीस, चांगलं केलंस. पण तू वहीत लिहायला विसरलीस, एवढंच. तो तुला खोटारडी म्हणाला. ही दोन वेगळी मापं आहेत आणि तू एकाच भांड्यात ओतलीस. चाळीस माणसांत माईकवर जे म्हटलं ते बंद खोलीत एका ओळीने पुसतात का? मग जिन्यातले लोक कोणाकडे बघून काय समजणार? ते म्हणणार, मुलगी पळाली.

तू म्हणशील, आजी, तुला बोलायला काय जातं. तर ऐक. काल रविवार. प्रार्थना संपली तशी मी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहिले आणि म्हटलं, थांबा सगळे. म्हटलं, अठरा वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर मी बेत्साबेला आळशी हाताची म्हणाले. ते खोटं होतं. कृती मी अर्धी सांगितली होती, ती अर्धीवरच मरमर राबली. कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या हो, किती जुनी गोष्ट. मी म्हटलं, तुझ्यासाठी जुनी, तिला अजून तेच नाव आहे. तो टेलिफोनचा दुकानदारही होता, त्याला मुद्दाम म्हटलं, हे मात्र नीट ऐक आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचव.

बेत्साबेला निरोप धाडला होता. ती आली होती. चौकाच्या पलीकडे, पावाच्या दुकानाशी उभी होती. माझं झालं तशी वळून गाडीत बसली. बोलली नाही. तिचा हक्क आहे.

एकाहत्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी मी हे करू शकते, तर तो सालदार्रियागाही करू शकतो. त्याच शुक्रवारच्या बैठकीत. समितीला तसं लिही, आणि त्या लोसादाबाईलाही लिहायला सांग. तुला ताकद नसेल तर मी गाडीने येते, माझ्यात भरपूर आहे.

तोवर सामान बांधू नकोस.

आजी


मेदेयीन, १७ जुलै २००४

बेत्साबे,

फाडायचं असेल तर वाचून फाड. तू माझ्याशी बोलत नाहीस ते मला मान्य आहे, बोल असं म्हणायला हे पत्र नाही. पण हे घडलं त्यात तुझा वाटा आहे. तुझ्या पातेल्यापाशी मला कळलं नसतं तर माझी नात बुडाली असती. म्हणून तुला कळवणं भाग आहे.

काल शुक्रवारची बैठक झाली. समितीला युरानीनेही लिहिलं आणि पास्तोच्या बाईंनीही, मग त्या डॉक्टरला यावंच लागलं. मी मागच्या रांगेत बसले होते, माझ्या काळ्या शालीत. शेजारच्या मुलाने विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या विभागाच्या? मी म्हटलं, चीजच्या.

डॉक्टर उंच आहे, बेत्साबे, अत्तर लावतो. कागद घेऊन उठला, माईक बाजूला सारला आणि कागदाकडे बघून पुटपुटला की कुमारी युरानी यांच्याबाबत मी जे म्हणालो ते चुकीचं होतं. आणि बसायला लागला. लोक खुर्च्या सरकवायला लागले. युरानी पहिल्या रांगेत होती, तिची मान लालबुंद.

मी उभी राहिले. म्हटलं, “ऐकू आलं नाही.”

सगळी डोकी वळली. त्याने माईक ओढला आणि तेच पुन्हा वाचलं, मोठ्याने. मी अजून उभीच. म्हटलं, डॉक्टर, काय म्हणाला होतात ते सांगाल का, नाहीतर चुकीचं काय ते लोकांना कसं कळायचं? तो म्हणाला, बाई, ते सगळ्यांना आठवतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून युरानी उठली. या मुलीचं तोंड कोरडं पडायचं म्हणे. चांगली खणखणीत म्हणाली, “खोटारडी म्हणाला होतात.”

त्याने कागद खाली ठेवला. मग तो म्हणाला, माईकवर, कागदाकडे न बघता, “मी तिला खोटारडी म्हणालो. ती खोटारडी नाही.”

मग मी बसले.

बेत्साबे, खरं सांगू? मला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. अक्षर न् अक्षर.

तुझी वहिनी,
अनातिल्दे